‘एक वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : आतड्यातल्या पेशी रक्षक की वैरी?

‘एक वाचक’, नमस्कार.

आतड्याच्या अस्तराला तिथल्या प्रतिकारपेशी कशा जपतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी सगळ्यांसमोर ठेवते : “गुगलवर वाचून घरबसल्या डॉक्टरकी शिकवणाऱ्यांनी मराठी वाचकांची दिशाभूल थांबवावी. ज्या पेशींना तुम्ही रक्षक म्हणता त्याच क्रोन्समध्ये आतडं पोखरतात. उंदरांवरचे प्रयोग माणसांना लावू नका. अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं हेही सरसकट खरं नाही. आणि दह्याबद्दल अवाक्षरही नाही!” (क्रोन्स म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार.)

पहिल्या वाक्याबद्दल बोलणं भाग आहे, कारण तेच मला लागलं. लेखात मी स्वतःला कुठेही डॉक्टर म्हणवून घेतलेलं नाही. पण नोकरीची सगळी वर्षं मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काढली. बायोप्सीचे इवलेसे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचे, मायक्रोटोमवर कापायचे, रंगवायचे आणि स्लाइड सरांच्या टेबलावर ठेवायच्या, हे माझं काम होतं. ठेवण्याआधी काप नीट आलाय का हे मीही सूक्ष्मदर्शकाखाली बघत असे. लहान आतड्याचं अस्तर एका पेशीइतकंच जाड असतं आणि त्या एकेरी रांगेतल्या पेशींच्या मधेमधे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) बसलेले असतात, हे मला कुठल्या संकेतस्थळाने शिकवलेलं नाही. निरोगी माणसातसुद्धा दर शंभर अस्तरपेशींमागे वीस-पंचवीसपर्यंत लिम्फोसाइट दिसले तर रिपोर्टमध्ये ते नॉर्मलच धरतात. आजार नसताना एवढी फौज तिथे कशासाठी असते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. लेख त्यातूनच आला. एखाद्याच्या लिहिण्यात चूक वाटली तर चूक दाखवा. तो माणूस कोण, कुठे बसून लिहितो, हे तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत नसताना त्यावर बोलणं मला असभ्यपणाचं वाटतं.

आता तुमचं दुसरं वाक्य. त्याच पेशी आतडं पोखरतात हे खरं आहे आणि लेखात ते होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तुम्ही तिथवर पोचला नसावात. पण त्यावरून ‘म्हणून त्या रक्षक नव्हेत’ हा तुमचा निष्कर्ष निघत नाही, आणि त्याला माणसांमधलाच पुरावा आहे. क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यात इंटरल्यूकिन-१७ हे रसायन वाढलेलं सापडतं. ते टी पेशींच्या (याही लिम्फोसाइटच) एका गटाकडून येतं. साहजिकच तुमच्यासारखाच विचार झाला : हेच आतडं जाळतंय, तर हेच अडवू. सेक्युकिनुमॅब नावाचं ते अडवणारं औषध क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिलं. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाले. औषधाचा उपयोग तर झाला नाहीच, उलट प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ मात्रा, घेणाऱ्यांपेक्षा औषध घेणाऱ्यांना त्रास जास्त झाला. त्याच वाटेवरच्या ब्रोडालुमॅबची क्रोन्समधली चाचणी तर रुग्णांचा आजार बळावू लागल्यामुळे मधेच थांबवावी लागली. सेक्युकिनुमॅब सोरायसिस या त्वचारोगावर उत्तम चालतं आणि आजही दिलं जातं, पण त्याच्या माहितीपत्रकात आतड्याच्या दाहाविषयी इशारा छापलेला असतो. पुढच्या संशोधनात कारणही उलगडत गेलं : दोन अस्तरपेशींमधले सांधे घट्ट ठेवायला हेच इंटरल्यूकिन-१७ मदत करतं. ते काढून घेतलं की सांधे सैल होतात आणि जंतूंचा माल आत झिरपतो.

दुसरं उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. काही बाळांना जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच मोठ्या आतड्याचा भयंकर दाह होतो, जखमा होतात, औषधांना दाद मिळत नाही. २००९ मध्ये अशा काही मुलांमध्ये दोष सापडला तो इंटरल्यूकिन-१० या दुसऱ्या रसायनाच्या ग्राहकात, म्हणजे पेशीवरच्या ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनात. आतड्यातल्या भक्षक पेशींना ‘जंतू गिळा, पण आग लावू नका’ हा निरोप याच इंटरल्यूकिन-१० मुळे पोचतो. त्यातल्या एका मुलाला दुसऱ्याच्या रक्तमूळपेशी (ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी तयार होतात त्या) देऊन त्याची प्रतिकारयंत्रणाच बदलली, आणि आतडं बरं झालं. अस्तर आधीचंच होतं, राखणदार तेवढे नवे आले. हे तुम्हाला ठाऊक असतं तर ‘दिशाभूल’ हा शब्द लिहायला तुमचा हात धजला नसता.

क्रोन्स म्हणजे काय हे मला घरातही बघावं लागलं आहे. माझ्या भाच्याला तो आजार आहे. आधी बरेच दिवस हा आतड्याचा टीबी की क्रोन्स याचाच घोळ चालला होता, कारण आपल्याकडे दोन्ही भेटतात आणि बायोप्सीत दोन्हींमध्ये ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या गाठी, दिसू शकतात. पुढे इन्फ्लिक्सिमॅब द्यायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करून घेतली. हे औषध टीएनएफ नावाचं रसायन अडवतं. क्रोन्समध्ये टीएनएफ दाह भडकवतं, आणि तेच टीएनएफ शरीरात दडून बसलेल्या टीबीच्या जंतूंना गाठीत कोंडूनही ठेवतं. ते अडवल्यावर झोपलेला टीबी उठल्याच्या घटना २००१ पासून नोंदल्या गेल्या, म्हणून ही तपासणी. माझा भाचा त्या इंजेक्शनवर आज चांगला आहे आणि ते थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. कुठल्याही रुग्णाने माझ्या लेखावरून औषध थांबवू नये, हे लेखातही लिहिलं होतं. पण वैरी आणि रक्षक असे दोन वेगळे गट करून मोकळं होता येत नाही, हे मी त्याच्या फाइलमध्येच पाहिलं आहे.

तीन ते पाच दिवसांचा तुमचा मुद्दा मान्य. अस्तराच्या बहुतेक पेशींना तो आकडा लागू आहे. तळाशी राहणाऱ्या आणि जंतुनाशक प्रथिनं सोडणाऱ्या पॅनेथ पेशी मात्र कित्येक आठवडे टिकतात. तेवढं वाक्य आज लेखात घातलं आहे.

उंदरांबद्दलच्या आक्षेपाचं उत्तर वर आलंच आहे, औषधांचे निकाल आणि त्या बाळांची उदाहरणं माणसांमधलीच आहेत; सांधे सैल होण्याचं कारण मात्र बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं, हे मान्य. दही हा लेखाचा विषय नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. इंटरल्यूकिन-१७ च्या चाचण्यांबद्दल तुम्हाला काही वेगळं म्हणायचं असेल तर जरूर लिहा, मी सविस्तर उत्तर देईन. माझ्याबद्दल लिहायचं असेल तर मात्र इथे नको.