लोकरीचा भाव पोत्यात ठरतो

ऑटावाजवळच्या कार्लटन प्लेस या गावी, रेल्वेच्या जुन्या इंजिन-शेडमध्ये, कॅनडातील मेंढीपालकांच्या १९१८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेचे लोकर प्रतवारी केंद्र आहे. मी तेथे गेलो तेव्हा प्रतवारी करणाऱ्या बाई गठ्ठ्यातून लोकरीची एक बट काढून दोन्ही हातांनी ताणून पाहत होत्या. बट तुटली की माल खालच्या प्रतीत जाई. पांढऱ्या लोकरीत काळा केस दिसला तरी तेच, कारण फिकट रंगात तो केस लपत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात माझ्या मामांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, मात्र काळी लोकरच मोलाची, कारण ती न रंगवता घोंगडी विणली जाते आणि चिंचोक्याच्या खळीने तिला ताठपणा येतो. तरीही कातरणी झाली की काळी, करडी, पांढरी, कुसळे आणि लेंड्या अडकलेली अशी सगळी लोकर एकाच पोत्यात कोंबली जाते. व्यापारी त्यातल्या सर्वांत वाईट लोकरीकडे बोट दाखवून पोत्याचा भाव करतो, आणि त्यातून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही.

यावर गावाकडे दोन मते ऐकू येतात. राज्याच्या शेळी-मेंढी महामंडळाने हमीभावाने सगळी लोकर उचलावी, हे एक. साखर कारखान्यांनी सहकाराची जी गत केली ती पाहता त्याचे नावच नको, हे दुसरे. मला दोन्ही पटत नाहीत. कॅनडातील ती संस्था हमीभाव देत नाही, आणि २०२० साली करोनाने जगभरातील गिरण्या थंडावल्या तेव्हा लोकरीचे भाव कोसळलेच. संस्था टिकली आहे ती माल निवडून, एकत्र करून विकते आणि मेंढीपालकांना लागणारे सामान आपल्याच दुकानातून पुरवते म्हणून.

आपल्याकडे फॅट पाहून दुधाचा दर लावणारी डेअरी गावोगावी आहे. लोकरीसाठी हीच रीत का नसावी? अडचण एवढीच की धनगर वर्षातले कित्येक महिने वाटेवर असतो, म्हणून संकलन केंद्र तालुक्याच्या गावी न ठेवता कातरणीच्या दिवसांत वाड्याच्या वाटेवर यायला हवे, काट्यावरच थोडी उचल मिळायला हवी आणि उरलेली रक्कम विक्रीनंतर. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "काटा कुणाच्या हातात?" वाड्यावरच्या, बारावी झालेल्या मुलीच्या हातात, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी लगेच नकार दिला नाही.