हर्णैचे किल्ले जिंकायचे असतील तर

किल्ला बघायचा नसतो ओ, जिंकायचा असतो, हे सोलापूरकराला वेगळं शिकवायला नको. भुईकोटात आपली प्रॅक्टिस झालेलीच आहे, दुहेरी तटबंदी, खंदक, सगळं गावाच्या मधोमध असून आपण तिथं फक्त सावलीला बसायला जातो.

तर आता जरा लांबची मोहीम काढा. कोकणात दापोलीजवळचं हर्णै. बंदर एवढंसं आणि राखायला किल्ले चार, समुद्रात सुवर्णदुर्ग आणि समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा. गोवा म्हटल्यावर गाडीतली निम्मी पोरं उठून बसतील, तो किल्ला आहे हे पोचल्यावरच सांगा.

जायचं भर पावसाळ्यात. होडीवाला नको म्हणेल, त्याला सांगा मामा आम्ही उजनीत पोहलेली माणसं आहोत, तुमच्या लाटांचं काय सांगता.

सुवर्णदुर्गाचा दरवाजा लांबून दिसत नाही, शत्रूला सापडू नये म्हणून बुरुजाआड लपवलाय, पण तुम्ही पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पाकिटांचा माग काढत गेलात की बरोबर दारात. तिथं पायरीवर कासव कोरलंय, त्याच्यावर बूट घालून उभं राहा, तटावर मारुती आहे तो पण फ्रेममध्ये घ्या, आणि ऑइल पेंट विसरू नका, खडूचं नाव एका पावसात जातं.

कुणी इतिहास विचारलाच तर कान्होजी आंग्रे एवढंच म्हणून थांबायचं. पुढं गेलात की १७५५ येतं, मग सांगावं लागतं की कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशव्यांचं फाटलं होतं आणि पेशव्यांनी घरचं भांडण मिटवायला मुंबईच्या इंग्रजांना सोबत घेतलं, कमोडोर जेम्सनं तोफा डागल्या, दारूगोळा पेटला, किल्ला पडला, आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं. आपलंच आरमार, बरं का. गाडीत बांधावरनं कोर्टात गेलेले भाऊभाऊ असतील तर हा विषय अजिबात काढू नका, उगाच शांतता होते.

कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरं, म्हणजे नाव लिहायला मोकळी भिंत नाही, सोडून द्या. त्यापेक्षा संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव लागतो तिथं घुसा, बोली ऐन रंगात आली की मध्येच पापलेट उचलून किलोला कसं विचारा. घ्यायचं मात्र नाही, डब्यात शेंगा चटणी आणि कडक भाकरी आहेच की.