हेड कोच शोधताय? आधी पत्रिका बघा

समजा तुमच्या मालकीची एनएफएलची टीम आहे (हो तेच, अमेरिकेतलं हेल्मेटवालं फुटबॉल, मेस्सीचं नाही), सीझनची पार वाट लागलीये आणि तुम्ही कोचला नारळ दिलाय. आता नवा ऑफेन्सवाला (पॉइंट काढायचं बघणारा) आणायचा की डिफेन्सवाला (समोरच्याला अडवायचं बघणारा)? डोकं अजिबात चालवू नका, हाकललेला ज्या बाजूचा होता त्याच्या उलट बाजूचा आणा. डेन्व्हर ब्रॉन्कोसनी 2022 ला हेच केलं, डिफेन्सवाला फँजिओ गेला, ऑफेन्सवाला हॅकेट आला, आणि प्ले (म्हणजे पुढची चाल) ठरलेल्या सेकंदांत सुटेना म्हणून घरचंच पब्लिक स्टेडियममध्ये घड्याळाचे उरलेले सेकंद ओरडून मोजायला लागलं. 15 मॅचमध्ये खेळ खल्लास. पण बाजू बदलली होती ना!

ऑफेन्सवाला घ्यायचा तर स्थळ बघतात तसं बघा. वय तिशीचं, तोंडापुढे हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखी लॅमिनेट केलेली प्लेशीट (चालींची यादी), आणि मुख्य म्हणजे शॉन मॅकव्हेशी काहीतरी नातं. रॅम्स टीमनी 2017 मध्ये 30 वर्षांच्या मॅकव्हेला हेड कोच म्हणून घेतलं, ते चाललं, मग सगळ्यांनाच तसला जावई हवा. जानेवारी 2019 मध्ये अॅरिझोना कार्डिनल्सनी क्लिफ किंग्सबरीला आणलं, टेक्सास टेकच्या कॉलेज टीमला 35 मॅच जिंकून 40 हरून नुकताच बाहेर पडलेला, पण टीमच्या वेबसाइटवर आवर्जून लिहिलं की हा मॅकव्हेचा मित्र आहे. मित्र! म्हणजे मुलाला नोकरी नाही पण मुलाचा दोस्त कलेक्टर. महिन्याभरात खुद्द मॅकव्हेची टीम सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, डिफेन्सवाल्या कोच बेलिचिकच्या टीमसमोर जेमतेम 3 पॉइंट काढून परत आली, ते मनावर घ्यायचं नाही.

डिफेन्सवाला घेतलात तर एकच नवस बोला, त्याचा ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर (ऑफेन्स सांभाळणारा असिस्टंट) फार हुशार निघू नये, निघाला की लोक पळवतात. खरं तर हरला तरी पळवतात. 2017 च्या सुपर बोलमध्ये डिफेन्सवाल्या डॅन क्विनचे फाल्कन्स 28-3 ने पुढे होते आणि 34-28 ने हरले, पुढे असताना बॉल घेऊन पळून वेळ काढायचं सोडून पास कसले टाकता म्हणून क्विनच्या ज्या ऑफेन्स कोऑर्डिनेटरला, काइल शनहनला, शिव्या पडल्या त्याला दुसऱ्याच दिवशी फॉर्टीनायनर्सनी हेड कोच केलं.

आणि हे सगळं जमत नसेल तर पन्नाशीच्या दशकातला न्यूयॉर्क जायंट्सचा हेड कोच जिम ली हॉवेल बघा. ऑफेन्स असिस्टंट लोम्बार्डीकडे, डिफेन्स टॉम लँड्रीकडे, 1956 चं टायटल खिशात, आणि स्वतः काय करतोस विचारलं तर म्हणे बॉलमध्ये हवा भरतो. तेव्हा पुढच्या इंटरव्ह्यूत बाकी काही विचारू नका, पंप मारता येतो का तेवढं विचारा.