फाइल घरातल्या घरात जाते, प्लॅन कशाला वाढवताय?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा येतोय: ‘घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल हळू जाते? इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्या, कॅट-८ केबल आणा, अँटिव्हायरस बंद करा.’ शेजारच्या काकूंनी तो वाचून प्लॅन वाढवलासुद्धा. लेकीच्या लग्नाचं ४० जीबीचं शूटिंग कॉपी व्हायला तासभर लागायचा. नंतरही तासभरच लागला. त्यांचे दरमहा जास्तीचे पैसे जातायत, म्हणून हे लिहितोय.

प्लॅनचा इथे संबंधच नाही. लॅपटॉपवरून निघालेली फाइल राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच डेस्कटॉपकडे वळते. घराबाहेरच्या लाइनवर ती जातच नाही. इंटरनेटची लाइन काढून ठेवा, राउटर चालू ठेवा आणि कॉपी करून बघा; होते.

काकूंकडे वेग दिसत होता सेकंदाला ११ एमबी. खरी मेख या आकड्यात होती. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जोडणीतून सेकंदाला फार तर साडेबारा एमबी जाणार, प्रत्यक्षात ११-१२. या वेगाला कॉम्प्युटर-राउटर जोडणाऱ्या केबलमधल्या आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) मात्र आठही लागतात. उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली की जोडणी बहुतेक वेळा मुकाट १०० वर येते आणि काम चालू राहतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडलं, तर लिंक स्पीड, म्हणजे जोडणीचा वेग, १००/१०० एमबीपीएस. कपाटामागे केबल दबून मोडली होती. नवी कॅट-५ई (साधी नेटवर्क केबल) लावली आणि वेग सेकंदाला ११० एमबीवर गेला. तेच शूटिंग सहा-सात मिनिटांत उतरलं. केबल बदलूनही १००च दिसलं तर राउटरचं पोर्ट तपासा, स्वस्त राउटरांत ते अनेकदा १००चंच असतं.

कॅट-८ डेटा सेंटरसाठी असते. गिगाबिटला साधी कॅट-५ई १०० मीटरपर्यंत पुरते. आपला टू बीएचके केवढा!

अँटिव्हायरसबद्दल थोडं तथ्य आहे: हजारो छोटे फोटो पाठवताना प्रत्येक फाइल तपासली जाते आणि वेळ जातो. पण तो बंद करू नका. सगळे फोटो एका झिपमध्ये घाला आणि ती पाठवा.

आणि मेसेजमध्ये वाय-फायचा उल्लेखच नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर असतील तर तोच डेटा हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे, एकदा राउटरकडून. वेग जवळपास निम्मा होतो. निदान एकाला तरी केबल लावा.

ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी कृपया आपला लिंक स्पीड ग्रुपवर टाका. रविवारी घरी येऊन केबल तपासून देईन.