वीस मैलांचा हिशेब

आमच्या फोंड्याच्या कट्ट्यावर सुरुवात ग्रीनलँडवरून झाली: मोठा देश दुसऱ्याची जमीन का घेतो? ते सगळ्यांनी मोबाईलवर आधीच चघळलेलं, म्हणून दोन मिनिटांत संपलं. (बोलणं निम्मं कोंकणीत झालं. इथे मराठीत उतरवतोय, शिव्या गाळून.)

सुरेशभाऊंनी बोट वर केलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते चहासुद्धा मुद्देसूद मागतात. “मुद्दा क्रमांक एक, कच्चा माल. मुद्दा क्रमांक दोन, बाजारपेठ. वर येणारं राष्ट्र समुद्रापलीकडे वसाहत घेतं ते या दोनच गोष्टींसाठी.”

“मुद्दा क्रमांक तीन, परीक्षेत नक्की येणार,” बाबल म्हणाला.

दत्ता तोवर गप्प होता. हा आमचा तारवटी, सत्तावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला. मिरचीभजीचा देठ बशीच्या कडेला ठेवत म्हणाला, “भाऊ, वाळूला बाजारपेठ कुठली?”

“कसली वाळू?”

“आफ्रिकेतल्या नामिबियाची. तिथल्या वॉल्विस बेला आमचं जहाज लागायचं. एका बाजूला धुकं, दुसऱ्या बाजूला वाळू. ते एक बरं बंदर, ते इंग्रजांनी 1878 लाच घेतलेलं. जर्मनांना उरलं काय? तरी घेतलंच ना?”

मग त्याने ल्युडेरित्झची गोष्ट सांगितली. 1871 ला जर्मनी एक झाली, कारखाने उठले, पण त्यांचा चान्सेलर बिस्मार्क वसाहतींच्या नावाने नाक मुरडायचा. ल्युडेरित्झ हा ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी. 1883 मध्ये त्याने तिथल्या नामा लोकांचा सरदार योसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून किनारपट्टी विकत घेतली, आत वीस मैलांपर्यंत. सरदाराला ठाऊक मैल एकच, इंग्रजांचा, 1.6 किलोमीटरचा. ल्युडेरित्झ नंतर म्हणाला, कागदावरचा मैल जर्मन आहे, 7.4 किलोमीटरचा. विकले 32 किलोमीटर, गेले दीडशेच्या आसपास.

“म्हणजे सुपर बिल्टअप!” बाबल ओरडला.

सगळे सुरेशभाऊंकडे बघून हसले. त्यांच्या फ्लॅटमध्ये कपाट ठेवलं तर दार उघडत नाही, हे अख्ख्या फोंड्याला माहीत आहे. भाऊ म्हणाले, विषय सोडू नका.

“सोडत नाही,” दत्ता म्हणाला. “आता त्या व्यापाऱ्याला झेंडा हवा झाला. बिस्मार्कने इंग्रजांना विचारलं, ही जागा तुमची का? ते महिनोनमहिने उत्तर देईनात. 1884 मध्ये निवडणूकही होती. एप्रिलमध्ये तार गेली, ही जमीन साम्राज्याच्या संरक्षणाखाली. वसाहत नाही म्हणायचं हं, संरक्षित प्रदेश!”

“पण हिरे निघाले ना तिथे?” भाऊंना एकदम आठवलं.

“1908 ला. चोवीस वर्षांनी. आणि 1915 ला मुलूखच गेला. मग आधीची चोवीस वर्षं वाळू कशाला राखली? शेजाऱ्याच्या दारात बुलेट आली, आता आपल्या दारातली सायकल दिसते म्हणून. आपला एक माणूस पैसे अडकवून बसतो, मग त्याच्यामागे सरकार जातं. गेल्यावर परतणार कसं? नाक कापलं जातं. आणि 1904 नंतर तिथे हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली. जमीन विकणारेही नामाच.”

जरा वेळ कोणी भजीला हात लावला नाही.

मग बाबल म्हणाला, “आपल्याकडे तरी पोर्तुगीज मसाल्यासाठीच आले. साडेचारशे वर्षं भोगलं आपण.”

“मसाला होता,” दत्ता म्हणाला, “पण होन्नावरचा तिमोजा आधी होता. 1510 मध्ये पोर्तुगिजांच्या अल्बुकर्कला गोव्याची वाट त्यानेच दाखवली. आणि साडेचारशे म्हणजे फक्त तिसवाडीची, पणजीकडच्या तालुक्याची. तुझं बार्देस 1543 पासून, म्हणजे 418. आमचा फोंडा 1763. आमची फक्त 198.”

“तुम्हा फोंड्याच्या अंत्रूजवाल्यांचा माजच वेगळा!”

“आणि काणकोण-केपे ऐक. हैदरअलीने घाटावरचं सोंदे राज्य घेतलं, तिथला राजा पळून पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला. त्याचा घाटाखालचा मुलूख यांनी सांभाळायला घेतला. 1961 पर्यंत सांभाळला! मध्ये 1951 ला पोर्तुगालच्या सालाझारने नाव बदललं. वसाहत नव्हे, सागरापारचा प्रांत.”

“सांभाळायला घेतलेलं दुसऱ्याला द्यायला तुम्हीही निघाला होता,” बाबल भाऊंना म्हणाला. “1967 च्या सार्वमतात तुमच्या घरावर फूल होतं, गोवा महाराष्ट्रात घालायचं.”

“आणि गोवा वेगळा ठेवणाऱ्या तुमच्या दोन पानांनी काय दिवे लावले?” भाऊ उसळले. ही तार कोणी छेडली की अर्धा तास गेला. माझ्या चहावर साय धरली. भाऊ सार्वमताचे आकडे मुद्देसूद सांगत असतानाच घरून फोन आला आणि ते बोलत रस्त्यापर्यंत गेले.

परतले तर कट्ट्यावरची त्यांची जागा बाबलने घेतलेली, शेवटची भजी त्याच्या हातात.

“अरे, ती माझी!”

“तुमचीच हो, भाऊ. मी फक्त संरक्षण देतोय.”

“बशी माझ्यापुढे होती!”

“इंग्रजी मैलाने,” बाबल तोंड भरून म्हणाला.