‘लास्कर’ ही शिवी कुणी केली?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘लास्कर’ ही इंग्रजांनी घडवलेली शिवी, लास्कर म्हणजे त्यांच्या नौदलातले शिपाई, आणि हे सगळे बंगाली. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांतला कुणी ना कुणी ‘बोटीवर’ होता, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

शब्द इंग्रजांनी घडवलेला नाही. मूळ फारसी ‘लश्कर’, म्हणजे आपलंच लष्कर. पोर्तुगीज आपल्याकडच्या देशी शिपायाला ‘लास्कारिम’ म्हणत. इंग्रजांनी तिथूनच उचलला आणि पुढे तो मुख्यतः आशियाई खलाशांना लावला. त्याला तुच्छतेचा वास आला तो वागणुकीमुळे. 1823 चा ब्रिटिश कायदाच पाहा: कंपनीच्या मुलखात जन्मलेला, ब्रिटिश जहाजावर राबणारा लास्कर कायद्याच्या लेखी ‘ब्रिटिश खलाशी’ नव्हे! पगारही गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली. शिवी शोधायची तर या कागदांत शोधा.

शिपाई म्हणावं, तर तोफखान्यात हरकाम करणारे ‘गन लास्कर’ होते, हे खरं. पण बहुतेक लास्कर मालवाहू आणि प्रवासी बोटींवरचे. सगळ्यांचा म्होरक्या सारंग, आपल्या दर्यासारंगातला. त्याच्या हाताखाली त्याचा मदतनीस टिंडेल, सुकाणूवर सुखानी, खाली बॉयलरपाशी आगवाले आणि कोळसा ओढणारे कोयलावाले. ही नावं इंग्रज अधिकाऱ्यांनाही शिकावी लागली. हुकूम त्याच बोलीत द्यावे लागत. जहाजावरच्या या हिंदुस्तानी शब्दांचा कोश 1811 मध्येच छापला गेला. पोटासाठी दर्यावर गेलेल्या या माणसांना सैनिक ठरवलं, की त्यांची ही सगळी कारागिरी पुसली जाते.

आणि सगळे बंगाली? आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट-चितगावचे पुष्कळ होते, पण मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीचे कोकणी मुसलमान आणि गुजरात-कच्छचे खलाशी असत, जेवणघरात गोंयकार, म्हणजे गोव्याचे. दोन सफरींच्या मधे गोंयकार धोबीतलावच्या आपापल्या गावच्या ‘कुडां’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, मुक्काम करत.

मुंबईतच मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. फॉरवर्ड करण्याआधी एकदा तिथे जाऊन या.