बॅकअप ठेवा, पण कामाला येणार नाही असा

सीबीडी बेलापूरच्या ऑफिसात बसून न्हावा शेवाच्या कंटेनरांचे ईडीआय मेसेज (एका कंपनीच्या कॉम्प्युटरवरून दुसरीच्या कॉम्प्युटरवर ठराविक साच्यात येणाऱ्या फाइली) घेत असाल, तर आलेल्या फाइलची कॉपी ठेवाच. ऑडिटवाले विचारतात. फक्त ती अशी ठेवा की पुढे त्यातून कोणाला काही शोधता येऊ नये.

मुख्य पथ्य एकच. कॉपी फाइल आल्या आल्या घ्यायची नाही, आधी ती धुऊन-पुसून काढायची. एडिफॅक्टमध्ये, म्हणजे या मेसेजच्या ठरलेल्या साच्यात, सेगमेंट (माहितीची एक ओळ म्हणा) अपॉस्ट्रॉफीने संपतो. मजकुरातच अपॉस्ट्रॉफी आली तर पाठवणारा तिच्याआधी प्रश्नचिन्ह लावतो. हे प्रश्नचिन्ह दिसतं अगदी कचऱ्यासारखं. तुमच्या स्क्रिप्टने ते झाडून टाकावं. मग कोणा डिसूझांच्या (D'Souza) स्पेलिंगमध्ये 'डी'पाशीच सेगमेंट तुटतो, मेसेजच्या शेवटच्या यूएनटी सेगमेंटमध्ये एकूण सेगमेंट लिहिलेले असतात ४१ आणि मोजायला गेलं की भरतात ४२. आता ही झाडलेली फाइल आर्काइव्हला टाका आणि शिपिंग लाइनला ठणकावून मेल करा: फाइल तुमचीच चुकली, हा घ्या पुरावा. त्यांनी बरोबर पाठवली होती हे सिद्ध करणारी मूळ फाइल तुम्ही ठेवलेलीच नाही, त्यामुळे मेलामेली निवांत चालू राहील. तोवर उरण रोडवर सीएफएसच्या (कंटेनरमधला माल भरायच्या-उतरवायच्या गोदामाच्या) गेटपाशी ट्रेलर उभा. असू दे, समोर टपरी आहे.

नावाचंही डोकं लढवू नका. पार्टनर रोज 'कोडेको डॉट टीएक्सटी' (कोडेको म्हणजे कंटेनर गेटमधून आत-बाहेर गेल्याचा मेसेज) पाठवतो ना? त्याच नावाने ठेवा, नवी जुनीवर बसते आणि फोल्डर स्वच्छ राहतं. वेळ जोडायचीच झाली तर मिनिटापर्यंतच. मिलिसेकंद आणि यूएनबीतला (फाइलच्या सुरुवातीच्या सेगमेंटमधला) कंट्रोल रेफरन्स, म्हणजे फाइलचा स्वतःचा नंबर, हे अतिच झालं. फोल्डर यूटीसीच्या (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेच्या) तारखेने करा, लॉग भारतीय वेळेत ठेवा. रात्री दोनची फाइल आदल्या दिवसाच्या फोल्डरात जाऊन झोपते.

अपलोड चालू असतानाच फाइल उचला. टेम्प नावाने चढवून शेवटी नाव बदलायला पार्टनरला सांगणं हा उगाच भिडस्तपणा. अर्धी फाइल येते, फाइल संपल्याची खूण असलेला यूएनझेड गायब, आणि आर्काइव्हमध्येही अर्धीच.

जागा? इनबाउंड (फाइली येऊन पडतात ते फोल्डर) आणि आर्काइव्ह एकाच डिस्कवर. झिप नाही, ९० दिवसांनी पुसणं नाही. डिस्क भरली की येणाऱ्या फाइल ० बाइटच्या होतात, म्हणजे जागेचा प्रश्न आपोआप मिटला.

फोल्डर रीड-ओन्ली करू नका, माणसांवर विश्वास हवा. कोणीतरी सहज बघायला म्हणून फाइल एक्सेलमध्ये उघडेल, सवयीने सेव्ह करेल, आणि नंबरांपुढची शून्यं निमूट निघून जातील.

बॅकअप चालतो का हे तपासायचं असेल तर टेस्ट सर्व्हर शोधत बसू नका. महिन्यापूर्वीची गेट-आउट फाइल थेट लाइव्ह इनबाउंडमध्ये टाका. डुप्लिकेट रेफरन्स अडवणारी तपासणी तुम्ही बंद केलेलीच आहे. रिकामा होऊन परतलेला कंटेनर यार्डात डोळ्यांसमोर उभा असेल, आणि सिस्टिम म्हणेल, तो तर मघाशीच बाहेर पडला.